सहा टिकल्यांची पेटी

जगातल्या प्रत्येक आवाजाला सूर असतो असं आमच्या हिचं म्हणणं, आणि तो सूर तिला घरबसल्या ओळखता यायचा. गिरणीचा पट्टा पेटीच्या काळी एकमध्ये घरघरतो. सकाळची पहिली एसटी वळणावर हॉर्न मारते तो पांढरी चार. मासे विकणारी बाई वाडीत शिरताना पांढरी पाचमध्ये ओरडायची, आणि टोपली खपली नाही की उतरत उतरत काळी तीनवर यायची. "आज बांगडे शिळे आसत, घेव नका, सूर उतरलो तिचो," असं ही चुलीपुढूनच सांगायची आणि ते खरं निघायचं. मी घोरतो कुठल्या पट्टीत तेही तिने एकदा चारचौघांत सांगितलं. पांढरी दोन. पुढे दोन महिने मला गावात कोणी तात्या म्हटलं नाही. "काय पांढरी दोन, खंय चललात?"

गाव तिला पेटीकाकी म्हणायचं. गंमत अशी की आमच्या घरात पेटी कधीच नव्हती. तिचे वडील दशावतारी नाटकात पेटी वाजवायचे. ही लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून बसायची, बघून बघून शिकली. वडील गेले, पेटी भावाकडे गेली. मुलीला सासरी जाताना भांडी देतात, पेटी कोण देतो? ती आली ती नुसती बोटं घेऊन आली. चुलीपुढे भात शिजेपर्यंत उजव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर चालायची आणि डावा हात बाजूला पुढे-मागे, पुढे-मागे, भाता मारल्यासारखा. लग्नानंतर आठ दिवसांनी माझ्या आईने मला परसात नेऊन विचारलं, "रे, हिच्या आंगात येता काय?"

मी गवंडी. चिऱ्याची घरं बांधण्यात जन्म गेला, शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, तेव्हा जे झालं ते सरळ सांगतो. माझ्या अंगात एकच कला, पखवाज. देवळातल्या भजन मंडळात मी चाळीस वर्षं वाजवला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तरच तो खालचा घुमारा निघतो. कणीक घट्ट झाली तर ठक्क, सैल झाली तर फदफद. आम्ही भात खाणारी माणसं. गव्हाचं पीठ घरात असायचं ते त्या पखवाजासाठी. भजनाच्या दिवशी संध्याकाळी वाटीत, ओल्या फडक्याखाली, लिंबाएवढा गोळा तयार असायचा. चाळीस वर्षांत एकदा घट्ट झाला नाही की एकदा सैल झाला नाही. पखवाजाला ही माझी सवत म्हणायची. "आदी माज्या सवतीक जेवाण, मगे घोवाक," असं म्हणून वाटी माझ्या हातात द्यायची.

देवळात पेटीवर बाईने बसायची रीत नव्हती. कोणी मनाई केली नव्हती, कोणी बोलावलंही नव्हतं. ही बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची, आणि पेटीवर बसून गाणाऱ्या बुवांचा सूर घसरला की पदराआड खोकायची. बुवा इतक्या वर्षांत कोणाला भ्याले नाहीत, पण त्या खोकल्याला भ्यायचे. भजन संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारायचे, "तात्यानूं, काकी आज कितके वेळा खोकली?" मी म्हणायचो, तिला सर्दी झालीय.

आमची लेक पनवेलला नोकरीला असते. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीला आली ती माणसाएवढा लांब खोका घेऊन आली. आईला पेटी हवी हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण खोक्यातून निघाला तो नव्या तऱ्हेचा कीबोर्ड, अरेंजर म्हणतात त्याला. एका माणसाने वाजवायचं आणि मागची सगळी साथ मशीनने द्यायची. लेक म्हणाली, "आई, ह्यात पेटी पण आहे. बासरी आहे, व्हायोलिन आहे, तबला, ढोलकी, सगळं आहे." हिने ते मशीन पाटावर ठेवलं, पुढून बघितलं, मागे वाकून बघितलं, उचलून खालून बघितलं.

"आणि वारो खयसून भरूचो?"

"वारो नाय गो आई, करंट."

ती मांडी घालून बसली. उजव्या हाताने सा दाबला. सूर निघाला आणि त्याबरोबर तिचा डावा हात आपोआप मशीनच्या मागे गेला आणि हवेतच भाता मारायला लागला. आम्ही बापलेक हसलो. तिला कळलं तेव्हा तीही हसली, पण हात काही थांबेना. पुढे दोन महिने तिची ही खोड गेली नाही. म्हणायची, "तो हात रिकामो ठेवलो की फुकट जेवल्यासारखा वाटता."

मग लेकीने तिला डाव्या हाताचं काम दाखवलं. डावीकडच्या दोन पट्ट्या दाबल्या की मागे सगळा ताफा उभा राहतो, आणि बोटं उचलली तरी वाजत राहतो. तबला, तंबोरा, सारंगीसारखं काहीतरी. हिने पट्ट्या दाबल्या आणि दचकून मागे बघितलं. मग म्हणाली, "अगो, ह्येच्यात पाच माणसां बसलीत. आणि एकाक पण चाय नको." हे वाक्य तिने पुढे गावभर सांगितलं. आमच्या भजन मंडळात तीन वेळा चहा लागतो, आणि तो इतकी वर्षं कोणाच्या घरून जायचा ते सगळ्यांना माहीत होतं.

मशीनवर बटणं ढीगभर आणि त्यावरची अक्षरं इंग्रजी. ती तिला येत नव्हती, मला तर मराठीही पुरी येत नाही. तेव्हा तिने कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं. सुरू करायच्या बटणावर मोठी लाल टिकली. थांबवायच्या बटणावर हिरवी. ते दाबलं की मशीन ऐटीत गिरकी घेऊन गाणं संपवतं. आणि खालच्या ओळीतल्या सहा बटणांवर सहा बारीक मरून टिकल्या. ती सहा बटणं म्हणजे मशीनची आठवण. कुठला आवाज, कुठला ताल, किती लय, हे एकदा बसवून तिथे ठेवलं की टिकली दाबल्याबरोबर तसंच्या तसं पुढे येतं. तिची सहा आवडती भजनं सहा टिकल्यांखाली गेली. खाऱ्या हवेला भिऊन ती मशीनवर जुनं लुगडं पांघरायची आणि शेजारी तांदळाची पुरचुंडी ठेवायची. ओल खायला. रोज दिवाबत्ती झाली की लुगडं निघायचं. मध्येच लाईट गेली की मशीन मुकं व्हायचं, मग ती काळोखात म्हणायची, "वडलांच्या पेटयेक असा कदी होवक नाय हां."

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला वाडीतल्या बायकांनी हौसेने तिला मशीन घेऊन अंगणात बसवलं. मंगलाष्टकांना साथ म्हणून. भटजी एकेक श्लोक म्हणत होते, ही मागून सूर भरत होती, सगळं छान चाललं होतं. तिसऱ्या श्लोकात बांगडी हिरव्या टिकलीला लागली. मशीनने गिरकी घेतली, झांज वाजवली आणि धडाक्यात शेवट केला. लोकांना वाटलं झालं लग्न. सगळ्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता टाकल्या, कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. भटजी ओरडतायत, "अरे थांबा, अजून दोन श्लोक आसत!" पण कोणाच्या हातात अक्षता उरल्या नव्हत्या, आणि पोहे वाटायला सुरुवात झाली होती. बायका म्हणाल्या, जाऊ दे भटजी, तुळशीला चालेल.

त्या अंगणात सर्वांत मोठ्याने मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

घरी आल्यावर मशीनवर लुगडं पांघरताना ती म्हणाली, "मशीन बघणा नाय ओ. माणूस बघता." काय म्हणते ते मला लगेच कळलं. सम जवळ आली की पखवाजवाला मान वर करून पेटीकडे बघतो. पेटीवाला नजरेने सांगतो, घे, किंवा सांगतो, थांब. या नजरेवर सगळं भजन उभं असतं. मशीनला डोळे नाहीत. तुम्ही चुकलात तरी ते पुढे जातं.

"माका ताल देवक माणूस होयो," ती म्हणाली. "तुमी बसा मगे पखवाज घेवन."

मी नाही म्हटलं. आता त्याचं कारण सांगतो; ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी बांधकामाच्या परांचीवरून पडलो. डावं मनगट बांधलं, जोडलं, पण त्यात पहिली ताकद आली नाही. पुढे पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या. पखवाजाचं कणकेचं तोंड डाव्या हाताचं. भजन सावकाश चाललं की जमायचं, पण गजर चढला, लय वाढली, की माझा धूम, तो डाव्या हाताचा ठोका, मागे पडायचा. दोन भजनं बुवांनी सोसली. तिसऱ्याला म्हणाले, "तात्यानूं, आज जरा इसवटो घेवा," आणि एका तरण्या माणसाला माझ्या जागेवर बसवलं. मी घरी येऊन सांगितलं की बुवांशी भांडलो, आता तिथे पाय ठेवणार नाही. ही एवढंच म्हणाली, "बरा झाला. तेंची पेटी तशी पण अर्धो सूर उतरलेली."

असा मी. आणि आता घरात हे मशीन, ज्याच्या तबल्याचा हात कधी दुखत नाही. मी तिला म्हणालो, "ह्येच्यात ढोलकीवालो बसलो हा मा? तेका सांग. एका घरात दोन नको."

ती म्हणाली, "तेचा काय ता मी बघतंय."

पुढचे दोन दिवस ती बटणांशी खटपट करत होती. फोनवर लेकीला विचारत होती, "अजून खाली कसा आणूचा? अजून. अजून." मला वाटलं आवाजाचं काहीतरी चाललंय. तिसऱ्या दिवशी दिवा लावून झाल्यावर तिने हाक मारली, "आता येवा. तुमची जागा केलंय." मी चप्पल घातली आणि बंदरावर गेलो. होड्या बघत बसलो. त्यानंतर रोजच जायला लागलो. दिवा लागला की मी बंदरावर, ती मशीनवर. आमच्या घरात संध्याकाळी काय वाजतं ते वाडीला ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

एकदा परत आलो तर माझ्या पखवाजावरचा कपडा काढलेला. बाजूला वाटी, वाटीवर ओलं फडकं. कितीतरी दिवसांनी तिने कणीक मळली होती. सकाळी उठलो आणि तो गोळा कोंबड्यांना घातला. ती पायरीवर उभी राहून बघत होती. कोंबड्यांनी टिपून टिपून गोळा संपवला तेव्हा म्हणाली, "आता कोंबड्यांचो ताल तरी बरो लागात."

आणि आत गेली. त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चहा वेळेवर मिळत होता, पाठीला तेल लावून मिळत होतं, मी घोरतो ती पट्टी अर्ध्या सुराने चढली असं सांगून ती हसतही होती. फक्त ते विचारणं संपलं.

दोन पावसाळे असे गेले. मागच्या वर्षी भातकापणी आटोपली आणि एका सकाळी परसातल्या पडलेल्या झावळ्या ओढताना ती माडाच्या बुंध्याला टेकून खाली बसली. मी म्हणालो, "दमलंस? रव, मी ओढतंय." सगळ्या झावळ्या ओढून झाल्यावर मी बघितलं. ती तशीच बसलेली होती.

तिचं दिवसकार्य झालं, त्यानंतर लेक आठवडाभर राहून गेली. मला चल म्हणाली. मी तिकडे जाऊन काय करू? घर राखायला राहिलो. घरात आवाज सगळे आहेत. गिरणी आहे, एसटी आहे, मासेवाली येते. पण त्यांना आता सूर नाही. मासेवाली ओरडते, मी बांगडे घेतो, घरी आणून बघतो तर शिळे.

गेल्या महिन्यात लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मशीन पडून खराब होईल. शाळेला देऊन टाका." मला पटलं. देण्याआधी चालतं का बघावं म्हणून लुगडं काढलं, करंट लावला, एक मरून टिकली दाबली, मग लाल, मग डावीकडच्या त्या दोन पट्ट्या. तंबोरा वाजला, सारंगी वाजली, ठोक्याचा दिवा लुकलुकायला लागला. पण तबला नाही. दुसरी टिकली दाबली, तेच. सहाही दाबून बघितल्या. खाऱ्या हवेने खाल्लं असणार, असं मी धरून चाललो. बिघडलेली वस्तू शाळेला कशी द्यायची? मशीन त्याच लुगड्यात गुंडाळलं आणि सावंतवाडीला वाद्यं दुरुस्त करणारा एकजण आहे, त्याच्याकडे न्यायला एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "तात्यानूं, सुरमय केवडी ही! खयच्या बंदराची?" एरवी मी त्याला दोन गोष्टी ऐकवल्या असत्या.

दुकानदाराने करंट लावला, इकडे तिकडे दाबलं आणि म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आसा."

"तबलो वाजणा नाय मा."

"वाजता." त्याने भलतंच बटण दाबलं आणि तबला दुकानभर कडाडला. "बंद करून ठेवलेलो हा. ह्या टिकल्यांच्या जागेर." त्याने एकेक टिकली दाबून दाखवली. "हय बंद. हय बंद. हय पण. चुकान एका ठिकाणी होयत, सहा ठिकाणी होवचा नाय. कोणीतरी मुद्दाम केल्यान."

मी सहाही टिकल्यांवरून बोट फिरवलं.

"आणि लय बगा," तो म्हणाला. "सगळ्यांची एकच, आणि इतकी सावकाश? ह्या लयीत भजन कोण म्हणता? म्हणणाऱ्याचो दम जायत. नीट करून देव?"

ठोक्याचा लाल दिवा लुकलुकत होता. एक, मग कितीतरी वेळाने दुसरा. माझा डावा हात मांडीवर होता. मी ठरवून काही केलं नाही, पण तो उचलला गेला आणि मांडीवर पडला. दिवा लागला तेव्हाच पडला. पुन्हा उचलला, पुन्हा दिव्यावर पडला. कुठेही मागे राहिला नाही.

बुवांशी भांडलो असं मी तिला सांगितलं होतं. जिला गिरणीच्या पट्ट्याचा सूर कळतो, तिला आपल्या नवऱ्याचा धूम किती मागे पडतो ते कळलं नसेल?

मी दुकानदाराला म्हटलं, "हात लावू नको कशाक."

मशीन शाळेला दिलं नाही. शाळेच्या हेडमास्तरांना सांगितलं, तुमच्या तुटलेल्या पायऱ्या मी बांधून देतो, हळूहळू बांधीन, पण मशीन मागू नका. ते बरं म्हणाले.

आता दिवाबत्ती झाली की मी बंदरावर जात नाही. कणीक मळतो. पहिल्या दिवशी ती भिंतीच्या गिलाव्यासारखी झाली, दुसऱ्या दिवशी चिऱ्यासारखी. गवंड्याचा हात, दुसरं काय होणार? आठ-दहा दिवसांनी कुठे घुमारा निघायला लागला. मरून टिकली दाबतो, लाल दाबतो, डावीकडच्या दोन पट्ट्या दाबून सोडतो, पखवाज मांडीवर घेतो. तंबोरा वाजतो, सारंगी वाजते, तबल्याची जागा मोकळी असते, ती मी भरतो. हात पोचतो. पण भजन काही उभं राहत नाही, कारण आता पेटीची जागा मोकळी असते. ती भरायचं मशीनला येत नाही आणि मलाही नाही. सम जवळ आली की माझी मान सवयीने वर होते. समोर तिच्या बसण्याचा पाट असतो, पाटावर मशीनवरून काढलेलं लुगडं असतं. मी मान खाली घालून वाजवत राहतो.

सहा भजनं झाली की हिरवी टिकली दाबतो. मग पखवाजाची कणीक खरवडून वाटीत काढतो आणि फडक्याखाली झाकून ठेवतो. सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या पायरीशी येऊन उभ्या राहतात. गोळा त्यांना अजून मिळतो. पण आता वाजवून झालेला.